कोचीत एकच दिवस हाताशी असेल तर काय पाहावं?

पूर्ण दिवस फोर्ट कोची आणि मट्टनचेरीलाच द्या, पाण्यापलीकडच्या एर्नाकुलम या शहरी भागातले मॉल सोडा. दोन्ही भाग लागून आहेत. चालत नाहीतर रिक्षाने सगळं होतं. एर्नाकुलमहून मात्र बोटीनेच या, रस्त्याने फार वेळ जातो. सकाळी मासेमारीची चिनी जाळी आणि सेंट फ्रान्सिस चर्च पाहा. 1524 मध्ये वास्को द गामाला तिथे पुरलं होतं, पुढे अवशेष पोर्तुगालला नेले. मग मट्टनचेरी राजवाडा. पोर्तुगीजांनी 1555 च्या सुमारास बांधून कोचीच्या राजाला दिलेला, डचांनी डागडुजी केलेला. बाहेरून अगदी साधा वाटतो, पण राजाच्या शयनगृहातली रामायणाची भित्तिचित्रं घाईत पाहू नका, माझ्या मते कोचीतलं सर्वोत्तम तेच आहे. शेजारीच 1568 चं परदेसी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, त्यातल्या निळ्या चिनी फरशा बघाच. वेळ उरला तर चेरलाईचं तिरुमल देवस्वम: गोव्याहून आलेल्या गौड सारस्वतांचं देऊळ, आवारात कोकणी कानावर पडते. फक्त वार बघून जा: शुक्रवारी राजवाडा बंद असतो आणि शनिवारी सिनेगॉग.