दिवसाला दीड हजार

प्रश्न: ताई नमस्कार. मी 33 वर्षांचा, चिपळूणजवळ राहतो, लोटे एमआयडीसीत एका कंपनीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे, हातात 31 हजार येतात. लग्नाला तीन वर्षं झाली. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षण सेवक आहे, येत्या जूनमधे तिची तीन वर्षं पूर्ण होतील. घराचं 14 लाख कर्ज बाकी आहे. आता अबू धाबीचं 2 वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट आलंय, राहणं-जेवण कंपनीचं, हातात 85 हजार, वर्षाने 30 दिवस सुट्टी आणि तिकीट. एजंट दीड लाख मागतोय आणि 10 दिवसांत हो-नाही सांगा म्हणतोय. आईबाबा म्हणतात जा. बायकोला विचारलं तर म्हणते तुम्हाला योग्य वाटेल ते करा. मूल हवंय, पण कर्ज फिटल्यावर बघू असं ठरवलंय. सगळं आम्हा दोघांसाठीच करतोय, मग मला झोप का लागत नाही?
(एक वाचक, चिपळूण)

उत्तर: अरे बाबा, तुला अरेतुरे करते, चालेल ना, माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे.

आधी बायकोच्या त्या वाक्याचं बघू. "तुम्हाला योग्य वाटेल ते करा" हे मी पण बोलले होते, 1988 साली, आमचे हे मस्कतला निघाले तेव्हा, आणि त्याचा सरळ अर्थ होता की जाऊ नका, पण सासूसासरे समोर बसलेले, व्हिजा आलेला, गावभर पेढे वाटून झालेले, तिथे नवी सून दुसरं काय बोलणार होती. तुझी बायको तेच म्हणतेय असं मी छातीठोक सांगू शकत नाही, तिला मी पाहिलेलं नाही. पण हा होकार नव्हे एवढं मात्र नक्की. तू तिला कुठे विचारलंस, घरात सगळ्यांसमोर की दोघंच असताना? आणि काय विचारलंस, "जाऊ का" एवढंच, की "मी नसलो तर तुझे दिवस कसे जातील" हे पण?

आता हिशोब. पगारातला फरक 54 हजार. तिथे तुझा स्वतःचा खर्च, फोन, औषधपाणी, सुट्टीवर येताना सगळ्यांसाठी आणायचं सामान, महिन्याला 10 हजार धर. राहिले 44. चोवीस महिन्यांचे साडेदहा लाख. दोन वर्षांचे दिवस 730, त्यातले 30 तू घरी, म्हणजे 700 दिवस तुम्ही लांब. भागाकार कर, एका दिवसाचे दीड हजार रुपये होतात. हा आकडा वाईट आहे असं मी म्हणत नाही, घरात आजारपण असेल, कर्जाचे हप्ते थकले असतील तर माणूस यापेक्षा कमीत पण जातो आणि त्याने जावंच. पण हा भाव तुम्हा दोघांना पटायला हवा, एकट्या तुला पटून भागत नाही, कारण 700 दिवस तिचे पण जाणार आहेत.

आणि एक गोष्ट तुझ्या पत्रात आहे पण तुझ्या हिशोबात दिसत नाही. प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला 16 हजार मानधन असतं, जूनमधे ती नियमित वेतनश्रेणीत आली की तिचा पगार दुपटीहून जास्त होईल. म्हणजे तू लोट्यालाच राहिलास तरी घरात महिन्याला 25 हजार तरी जास्त येणार, दोन वर्षांचे सहा लाख. तू गेलास तरी ते येणारच आहेत, मान्य, पण मग 10 दिवसांत ठरवायची घाई कोणाला आहे, तुम्हाला की एजंटला?

त्या एजंटबद्दल मला खरंच राग येतोय. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटला आपल्या कायद्याने जास्तीत जास्त 30 हजार आणि वर जीएसटी एवढीच फी घेता येते. दीड लाख नाही. त्याचा रजिस्ट्रेशन नंबर माग, सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपास, आणि व्हिजिट व्हिजावर जा नंतर बदलून देऊ म्हणाला तर तिथूनच परत फिर. 85 मधे ओव्हरटाइम धरलाय का, बेसिक किती, हे ऑफर लेटरवर लिहून घे, कारण तिथली ग्रॅच्युइटी बेसिकवर मिळते, वर्षाला 21 दिवसांची, आणि बेसिक कमी दाखवून वर भत्ते लावले की शेवटी हातात फार काही येत नाही.

आता जे कोणी सांगत नाही ते सांगते. हे नऊ वर्षं होते तिकडे. आम्ही कॅसेट रेकॉर्ड करून पाठवायचो, गावचं कोणी सुट्टीवरून परत चाललं की त्याच्याबरोबर. लोकांना वाटतं ती वर्षं कठीण गेली असतील, गेलीच, पण 1997 ला हे कायमचे आले ते पहिलं वर्ष मला जास्त जड गेलं. स्वतःच्या घरात साखरेचा डबा कुठाय विचारायचे. मी तोवर बँक, शाळा, कौलं शाकारणं, सासऱ्यांचं दवाखान्याचं सगळं एकटीने करायला लागले होते आणि आता प्रत्येक गोष्ट कोणालातरी विचारून करायची म्हणजे मला राग यायचा, त्यांना वाटायचं हिला मी नकोच आहे. कोणाचीच चूक नव्हती. नऊ वर्षांत आम्ही दोघं वेगवेगळी माणसं झालो होतो आणि परत ओळख करून घ्यायला वेळ लागला.

तुमचं नऊ वर्षं होणार नाही कशावरून? आमचं पण दोनच वर्षांचं ठरलं होतं. मग घराचा वरचा मजला, मग नणंदेचं लग्न.

माझं मत विचारशील तर हे कॉन्ट्रॅक्ट आत्ता सही करू नको. तुझ्या ट्रेडला शटडाऊनची कामं निघतात, म्हणजे प्लांट दुरुस्तीसाठी बंद ठेवतात तेव्हाची, दोन-तीन महिन्यांची, ती शोध, किंवा रोटेशनवाली पोस्ट, ज्यात ठराविक दिवस काम आणि ठराविक दिवस घर असतं. पैसे एकूण कमी मिळतील, पण मुलाचं पुढे ढकलावं लागणार नाही. ते ठरवलंय लिहिलंस, तिने ठरवलंय का ते पण विचार.

आणि दोघांनी मोकळेपणाने बोलून जायचंच ठरलं तर जा, मनात काही ठेवून जाऊ नको. मग परत यायची तारीख आणि किती रक्कम झाली की थांबायचं हे कागदावर लिहून तिच्याकडे दे. पैसे दोघांच्या जॉइंट खात्यात पाठव, बाबांच्या नाही, नाहीतर तुझ्या माघारी तिला गॅस सिलेंडरला पण हात पसरावा लागेल. तिकडे व्हॉट्सॲप कॉल लागत नाही, बोटिम वगैरे वापरतात, ते जायच्या आधी दोघांच्या फोनवर चालू करून बघ. वेळेचा फरक दीड तासाचाच, तिचे रात्री नऊ म्हणजे तुझे साडेसात, तो फोन फक्त तिचा, आईबाबांचा वेगळा. आणि सुट्टी गणपतीत घेऊ नको, मला माहितीय कोकणातल्या माणसाला हे ऐकवत नाही, पण गणपतीत घर मुंबईकरांनी भरलेलं, ती पहाटेपासून चुलीपाशी, तुमचं बोलणं काय होणार? तिची शाळेची सुट्टी दिवाळीत आणि मे महिन्यात असते, तेव्हा ये.

शनिवारी तिची शाळा सकाळची असेल. दुपारी गाडी काढ, दोघंच गुहागरला जा, हे ऑफर लेटर आणि हा माझा भागाकार बरोबर ने, आणि आधी तिला बोलू दे. एजंटला फोन सोमवारी कर, त्याआधी नको.