उत्तर: प्रश्नावलीवर नाव घालायची अट मान्य करू नका

ताई, परिचारिकांची सक्षमता आणि रुग्णसेवेचा दर्जा यावर तुमचा एमएस्सीचा प्रबंध आहे, संशोधक मेरेतोया यांची ७३ विधानांची प्रश्नावली (परिचारिकेने स्वतःच स्वतःच्या कामाला गुण द्यायचे) घेतली आहे, आणि रुग्णालयाचं ऑफिस म्हणतंय की कागदावर नाव हवं, शिवाय कागद मेट्रनमार्फतच (परिचारिकांच्या प्रमुखांमार्फत) जमा होतील. मान्य करू का, असं विचारलंत. करू नका. सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा), नमुना, क्रॉनबॅक अल्फा (प्रश्नावलीची विश्वासार्हता मोजणारा आकडा) हे सगळं तुमच्या गाइड बघतीलच.

माझ्या वेळी परवानगीचं पत्र बिनशर्त आलं होतं. अट मागाहून आली, तीही तोंडी. एथिक्स कमिटीला नावं गुप्त राहतील असं लिहून दिलेलं, आणि इकडे ऑफिसातले साहेब म्हणतात, "आमच्या स्टाफचे मार्क आम्हाला कळायला नकोत का?" मार्क! इन्चार्ज सिस्टरांनी हँडओव्हर, म्हणजे शिफ्ट बदलताना रुग्ण सोपवणं, संपता संपता कागद वाटले, तिथेच भरून घेतले आणि गठ्ठा ऑफिसात गेला. माझ्या हातात आला तेव्हा शून्य ते शंभरच्या पट्टीवर जवळपास सगळ्यांच्या खुणा उजव्या टोकाला. कंत्राटी मुलींच्या तर सगळ्यात पुढे. करार पुढे चालू राहणार की नाही हे त्याच ऑफिसच्या हातात, मग त्यांनी दुसरं काय लिहायचं? सगळ्याच निष्णात निघाल्यावर कशाचा कशाशी संबंध लावणार? तो डेटा टाकून दुसऱ्या रुग्णालयात पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. नावांचे कागद परत मागितले तर "रेकॉर्डला लावलेत" एवढंच उत्तर. असो, अजून संताप होतो.

म्हणून पत्रातच लिहून घ्या: नावाशिवाय, कागद संशोधक स्वतः गोळा करणार, ऑफिसला फक्त एकत्रित निष्कर्ष मिळणार. चार-पाच जणींच्या युनिटचे आकडे वेगळे देऊ नका, कोण कुठली ते लगेच ओळखू येतं. कागद बंद पाकिटात, पेटी चेंजिंग रूममध्ये. आणि नाईट संपवून निघालेल्या बाईला कधीही प्रश्नावली देऊ नका, ती डोळे मिटून खुणा करते.

न विचारलेलं एक सांगते. मी वॉर्डातली बाई आहे, संख्याशास्त्र शिकलेल्या माणसाकडून तपासून घ्याच. एका सिस्टरचा गुण एका रुग्णाच्या समाधानाला जोडू नका. रुग्णाला तीन शिफ्टमध्ये किती जणी बघतात! तुलना वॉर्डाच्या पातळीवर करा. परिचारिकांच्या कामावर संशोधन करणाऱ्या लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांचा युरोपातल्या ९ देशांतल्या ३०० रुग्णालयांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात परिचारिकांची माहिती सर्वेक्षणातून आणि मृत्यू रुग्णालयाच्या नोंदींतून घेतले होते. प्रत्येक परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेला रुग्ण दाखल झाल्यापासून ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. त्यामुळे प्रत्येक शिफ्टला प्रत्यक्षात किती रुग्णांमागे किती जणी होत्या हे टिपून ठेवा. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं शिक्षण रुग्णालयांसाठीचं प्रमाण तीन रुग्णांमागे एक आहे, आपल्या जनरल वॉर्डात काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. ते न नोंदवता निष्कर्ष काढलात तर दोष शेवटी त्या बिचारीच्या सक्षमतेवर जातो.

दर्जा मोजायला नुसतं समाधान पुरत नाही. डिस्चार्जच्या आधी विचारलं की सगळ्या सिस्टर चांगल्याच असतात. रुग्ण पडणं, बेडसोअर (पडून राहून होणाऱ्या जखमा), औषधांच्या चुका यांच्या नोंदी घ्या. पण इन्सिडेंट रिपोर्ट (अशा घटनांचे लेखी अहवाल) कमी म्हणजे वॉर्ड चांगला, असं धरू नका. जिथे रिपोर्ट लिहिला की मेमो मिळतो तिथे रिपोर्ट लिहिलेच जात नाहीत. बेडसोअर तर स्वतः अंथरुणाशी जाऊन बघा.

तुमच्या विद्यापीठाचे नियम वेगळे असतील, गाइडना विचारा. पण ऑफिस नावावर अडूनच बसलं तर रुग्णालय आत्ताच बदला, प्रश्नावलीच्या प्रती काढायच्या आधी.