वाचकांचे प्रश्न : उठमणा मंगळवारीच कसा?

प्रश्न : जिनिंगमुळे आमच्याशी जुना घरोबा असलेल्या पारशी कुटुंबातले आजोबा सोमवारी पहाटे ३ वाजता वारले. तिसरा दिवस म्हणून आम्ही बुधवारी गेलो, तर उठमणा, म्हणजे तिसऱ्या दिवसाचा विधी, मंगळवारीच आटोपला होता. असं कसं? त्यांच्यात यमदूत, तेरवी असतं का?
— एक वाचक, ता. हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर : चूक मोजणीत झाली. पारशी दिवस मध्यरात्री नाही, सूर्योदयाला बदलतो. पहाटे ३ चा मृत्यू रविवारातच धरला गेला. रवि, सोम, मंगळ हे तीन दिवस. मंगळवारी दुपारनंतर उठमणा आणि बुधवारी उजाडताना चहारोम, म्हणजे चौथ्या दिवसाचा विधी. त्या चौथ्या पहाटेपर्यंत आत्मा, म्हणजे रवान, देह होता तिथेच उशाशी घुटमळतो अशी श्रद्धा आहे. तो बावरलेला असतो आणि सरोश हा यझद, म्हणजे पूजनीय देवदूत, त्याला जपतो. म्हणून तिन्ही रात्री सरोशच्या प्रार्थना होतात, दिवा तेवत ठेवतात, घरात मांस शिजत नाही.

सरोशला यमदूत समजू नका. तो न्यायला नव्हे, राखायला असतो. चौथ्या पहाटे चिनवद पुलावर, म्हणजे इहलोक आणि परलोक जोडणाऱ्या पुलावर, मेहेर, सरोश आणि रश्ने हे तीन यझद निवाडा करतात. रश्नेच्या हाती सोन्याचा तराजू. तो राजासाठीसुद्धा केसभर झुकत नाही, असं पहलवी या जुन्या इराणी भाषेतले ग्रंथ सांगतात. तोलायचे ते विचार, उच्चार आणि आचार. सज्जनाला पूल नऊ भाल्यांइतका रुंद होतो, दुर्जनाला वस्तऱ्याच्या धारेएवढा. सज्जनाला समोरून एक सुंदर तरुणी येऊन भेटते. ती त्याचीच दएना, त्याच्या वागण्याचं रूप. वाईट वागलेल्याला तीच कुरूप होऊन भेटते. आमच्या मते या श्रद्धेतली सर्वांत मोठी गोष्ट हीच : तुमची साक्ष द्यायला दुसरं कुणी येत नाही.

पारडी समसमान राहिली तर हमेस्तगान, म्हणजे स्वर्ग-नरकाच्या मधली जागा. तिथे थंडी आणि उष्णता सोसावी लागते, एवढंच. नरकही कायमचा नाही. अखेरीस वितळलेल्या धातूच्या प्रवाहातून सगळे पार होऊन शुद्ध होतात. सज्जनांना तो कोमट दुधासारखा लागतो.

तेरवी नसते. दहाव्या दिवशी दसमो, मग महिन्याला मासिसो आणि वर्षाला वरसी. सांत्वनाला तुम्ही आताही जाऊ शकता. वर्षअखेरच्या मुक्तादच्या दिवसांत पूर्वजांच्या फ्रवशी, म्हणजे रक्षक आत्मे, येतात, त्यांच्यासाठी फुलदाण्या सजवतात. तुम्हाला फुलं द्यायची असतील तर ती घरच्यांच्या हाती द्या. अग्यारीत, म्हणजे पारशी अग्निमंदिरात, पारशांखेरीज इतरांना प्रवेश नसतो.