लाईट गेली की आधी पाणी बघा

प्रश्न : आम्ही विजापूर रोडला चौथ्या मजल्यावर राहतो. मी, नवरा, शाळेतली मुलगी आणि 78 वर्षांच्या सासूबाई. त्यांना रोज इन्सुलिन लागतं. वळवाच्या वादळात रात्रभर लाईट नव्हती. मोठा इन्व्हर्टर घेतला तर भागेल का? पूर-भूकंपासाठी काय तयारी ठेवावी?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, वायरिंगच्या कामात माझी 35 वर्षं गेली, तरी सांगतो, इन्व्हर्टर दुसऱ्या नंबरला ठेवा. मी स्वतः फसलोय. असंच वादळ झालं, बिल्डिंग अंधारात आणि माझ्याकडे पंखा फिरतोय, म्हणून ऐटीत झोपलो. सकाळी नळ सोडला तर नुसती हवा! खालचा हौद भरलेला, पण मोटर बंद, वरची टाकी कोरडी. बायकोने चार मजले घागरी चढवायला लावल्या, तेही बरोबरच होतं म्हणा.

आपल्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. त्यात लाईट गेली की फ्लॅटवाल्याचं पाणीच जातं. म्हणून चौघांच्या पिण्या-स्वयंपाकाचं 40 लिटर पाणी झाकून बाजूला ठेवा, दोन दिवस निघतील. संडास-बाथरूमसाठी एक पिंप वेगळं. दर वेळी पाणी आलं की दोन्ही रिकामी करून पुन्हा भरायची.

इन्व्हर्टरचं गणित सोपं आहे. 150 एएचची चांगली बॅटरी दोन साधे पंखे आणि चार एलईडी बल्ब पाच-सहा तास ओढते. बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणारे पंखे घेतलेत तर त्याच बॅटरीवर जवळपास दुप्पट वेळ निघतो. मोठ्या इन्व्हर्टरपेक्षा हा खर्च शहाणपणाचा. पाण्याची मोटर त्यावर चालवायला जाऊ नका. लाईट गेल्यावर फ्रिज, टीव्हीचे प्लग काढा. वादळात खांबावरची न्यूट्रल वायर तुटली तर 230 च्या जागी 400 व्होल्टपर्यंत घरात येतात. तक्रारीला महावितरणचा 1912.

फ्रिज उघडला नाही तर चारेक तास गार राहतो. त्यानंतर इन्सुलिन झाकणाच्या डबीत घालून डबी मडक्यातल्या पाण्यावर तरंगती ठेवा, मडक्याला ओलं फडकं. बर्फात खुपसू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

पुराचं पाणी चौथ्या मजल्यावर येणार नाही, पण मीटर आणि मोटरचं पॅनेल पार्किंगमध्येच असतं ना? तिथे पाणी साचलं तर कोणीही हात लावायचा नाही. 2025 च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा पुण्याचा महामार्गच बंद पडला होता. अशा वेळी दूध-भाजीची वाट बघू नये. कडक भाकरी आणि शेंगाचटणी घरात असली की सोलापूरकर उपाशी मरत नाही. गॅस संपला तरी चालतं, आणि दुरडीत आठवडे टिकते. सासूबाईंना दात नसतील तर कुस्करून, वर दूध पावडरीचं दूध.

किल्लारीची रात्र, 30 सप्टेंबर 1993, मला अजून आठवते. विसर्जनाहून येऊन नुकता डोळा लागला होता, पहाटे फळीवरची भांडी धडाधड खाली. आम्ही जिन्याकडे पळालो, ते चुकलं. हादरे चालू असताना मजबूत टेबलाखाली डोकं घालायचं. थांबले की गॅसचा रेग्युलेटर बंद, मग जिना. लिफ्ट नाही. आणि आजच एक करा : सासूबाईंच्या उशाशी टॉर्च, पलंगाखाली चपला. अंधारात काचांवरून अनवाणी चालायची वेळ त्यांच्यावर यायला नको.