वाचकांचे प्रश्न : पाहुण्या विद्यार्थ्यांसह प्राणिसंग्रहालयाची सहल

प्रश्न : आमच्या विद्यापीठातील विद्यार्थी मंडळाने विनिमय कार्यक्रमातून आलेल्या परदेशी विद्यार्थ्यांसह प्राणिसंग्रहालयाची एक दिवसाची सहल ठरवली आहे. मागच्या सहलीत यजमान आणि पाहुणे शेवटपर्यंत आपापल्या घोळक्यातच राहिले. शिवाय यंदा दोन पाहुण्यांनी प्राण्यांना बंदिस्त ठेवणेच आपल्याला मान्य नसल्याचे कळवले आहे. अशा वेळी आखणी कशी करावी?

उत्तर : माझे पहिले सांगणे असे की, प्राणी कमी पाहा. दिवसभरात सगळे पिंजरे उरकायचे म्हटले की मंडळी भराभर चालू लागतात, आणि घाईत जो तो ओळखीच्याच माणसाची सोबत धरतो. चार-पाच प्राणी निवडून प्रत्येकासमोर निवांत थांबावे, आणि एक यजमान व एक पाहुणा अशा जोड्या आदल्या दिवशीच जाहीर कराव्यात. ऐनवेळी जोड्या लावल्या तर जो मुळात बुजरा असतो, तोच नेमका एकटा उरतो.

सिंह दिवसाचे वीस तासांपर्यंत विश्रांती घेऊ शकतो, म्हणून वाघ-सिंहांकडे दार उघडताच जावे आणि हत्तीसाठी पुढचा वेळ ठेवावा. आशियाई हत्तीच्या सोंडेच्या टोकाला बोटासारखा एकच उंचवटा असतो, आफ्रिकी हत्तीच्या सोंडेला दोन असतात. समोरचा हत्ती कोणता, हे प्रत्येक जोडीने स्वतः ओळखायचे असे ठरवले, तर सोंडेचे टोक गवताची पेंढी कशी चाचपते, गुंडाळते आणि तोंडाकडे नेते, हे सारेच कठड्याशी येऊन पाहू लागतील, आणि तेवढ्या बोलण्याला मोडकीतोडकी भाषाही पुरेल.

त्या दोन पाहुण्यांचा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो आणि त्याला सहलीतच जागा मिळावी, असे माझे मत आहे. एखादा प्राणी ठरावीक वाटेवरून पुन्हा पुन्हा निरर्थक येरझारा घालत असेल, तर बंदिवासाचा ताण हे त्यामागचे एक कारण असू शकते. असे दृश्य दिसल्यास त्याकडे पाठ फिरवू नये. त्याचबरोबर, अरबी ऑरिक्स हे हरणासारखे जनावर 1972च्या सुमारास निसर्गातून नाहीसे झाले आणि बंदिवासात वाढवलेल्या कळपांमुळेच 1982मध्ये ओमानच्या वाळवंटात परत सोडता आले, हेही बोलण्यात यावे. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. त्यामुळे चर्चेचा निकाल लावण्याचा किंवा हात वर करून मते मोजण्याचा प्रकार मात्र करू नये.

जेवणाची पथ्ये आधीच विचारून घ्यावीत. ज्यांना यायचेच नाही, त्यांना न येण्याची पूर्ण मोकळीक असल्याचे वर्गणी गोळा करण्यापूर्वीच स्पष्ट सांगावे, आणि सहलीनंतरच्या गप्पांना मात्र आवर्जून बोलवावे.