एकदा मोडलं, आता हिचं कसं होणार?

तुळशीचं लग्न लागलं की घरोघरी स्थळांची बोलणी सुरू होतात आणि समुपदेशक म्हणून माझ्याकडे एका ठरावीक काळजीचे फोन वाढतात. फोन बहुतेक वेळा आईचा असतो. कुणाच्या मुलीचा घटस्फोट झालेला असतो, कुणाचा साखरपुडा मोडलेला असतो, कुणावर लहानपणी अत्याचार झालेला असतो आणि ते आता घरात कळलेलं असतं. प्रश्न एकच: आता हिला कोण पत्करणार? घटस्फोट झालेल्या मुलांच्या आयाही फोन करतात, पण त्या विचारतात, "तो पुन्हा लग्नाचं मनावरच घेत नाही, काय करू?" मुलाच्या मनाची काळजी आणि मुलीच्या किमतीची काळजी, हा फरक इतक्या वर्षांनंतरही मला बोचतो.

मेघनाची गोष्ट मी तिच्या संमतीने सांगते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय एकोणतीस, एम.एस्सी., एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी. वडील नागपूरला कळमन्याच्या बाजारात संत्र्याचे अडते, मूळचे काटोलकडचे, घर नंदनवनात. लग्नानंतर आठ महिन्यांनी ती माहेरी परत आली. नवऱ्याचं व्यसन लग्नाआधी लपवलेलं होतं. रात्री तो खोलीचं दार आतून लावायचा आणि तिचा मोबाइल काढून घ्यायचा. पुढे परस्पर संमतीने घटस्फोट झाला.

पहिल्या भेटीला तिघंही आले. आई सांगत होती, "मॅडम, पोरगी रात्रभर जागी राहते, कोणाशी धड बोलत नाही. आता कोन करन तिच्यासोबत लग्न?" वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी बाजारातला मानूस हाव. हर्राशीत आज ढीग उठला नाही, तर उद्या त्याच ढिगाले कोनी हात लावून पाहत नाही. भाव पाडूनच द्यावा लागते." हे बोलताना त्यांचा गळा दाटून आला होता. पोरीवर जीव असलेला माणूस, पण दुःख मांडायला त्यांच्याकडे जी भाषा होती ती बाजाराची होती. मी मेघनाला विचारलं, तुला यातून काय ऐकू आलं? ती म्हणाली, "बाबा मला डागी माल म्हणाले नाहीत. पण हिशोब तोच आहे."

आईच्या पिशवीत प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये दोन बायोडाटा होते, एक पहिल्या लग्नाच्या वेळचा आणि एक नवा. मी ते टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. पहिल्यात अपेक्षा अशा: उच्चशिक्षित, निर्व्यसनी, नागपूर किंवा पुण्यात नोकरी, वयातलं अंतर चार वर्षांपर्यंत. नव्यात: घटस्फोटित किंवा बिजवर चालेल, अपत्य असल्यास हरकत नाही, अंतर बारा वर्षांपर्यंत चालेल, तडजोडीस तयार. व्यसनाचा उल्लेखच नाही. ज्या गोष्टीपायी पहिलं लग्न मोडलं, तीच अट गाळलेली. नावाखाली ठळक अक्षरांत 'निर्दोष घटस्फोटित, विनापाश', जसं वधू-वर सूचक मंडळांच्या याद्यांत सर्रास छापलेलं असतं. मधल्या काळात मेघनाचा पगार वाढला होता, प्रयोगशाळेत तिला बढती मिळाली होती. मी विचारलं, हे 'चालेल, चालेल' कुणी लिहिलं? काकांनी. कुणी मागितलं होतं का? नाही. हा बायोडाटा तोवर एकाही घरी गेलेला नव्हता. गिऱ्हाईक दारात यायच्या आधीच घरच्यांनी भाव पाडून ठेवला होता.

इथे एक सांगायला हवं. मूल असलेल्या विधुराशी लग्न करणं यात काहीच कमी नाही. तसं मनापासून ठरवून सुखाने नांदणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. पण या कागदावर ती मेघनाची निवड नव्हती, तिच्यावर दिलेली सूट होती.

वडिलांनी बाजाराची भाषा काढली होती, म्हणून मीही बाजारातलंच सांगितलं. अर्थशास्त्रात मुद्दाम खराब केलेल्या मालाचा रीतसर अभ्यास झाला आहे. रेमंड डेनेकेरे आणि प्रेस्टन मॅकअफी या अर्थतज्ज्ञांनी १९९६ साली त्यावर लेख लिहिला. त्यांचं गाजलेलं उदाहरण आयबीएमच्या लेझर प्रिंटरचं. मूळ प्रिंटर मिनिटाला १० पानं छापायचा. १९९० मध्ये कंपनीने स्वस्तातला आणला, तो ५ पानं छापायचा. यंत्र तेच, फक्त वेग कमी करण्यासाठी आत एक जादा भाग बसवलेला. म्हणजे हळू चालणारा प्रिंटर बनवायला खर्च जास्त आणि विकायचा कमी किमतीला. इंटेलने १९९१ मध्ये ४८६ एसएक्स नावाची चिप आणली, तिच्यातही सुरुवातीला गणिताचा भाग असायचा, पण तो बंद करून ठेवलेला. एकाच मालाला दोन भाव मिळावेत आणि जास्त पैसे देणाऱ्याने स्वस्तातल्याकडे वळू नये, एवढ्यासाठी ही उठाठेव.

याच्याही कितीतरी आधी, १८४९ मध्ये, झ्यूल द्युप्युई या फ्रेंच अभियंत्याने रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाविषयी लिहून ठेवलं आहे. त्या डब्यांना छप्पर नसे. छपराला फार पैसे लागतात म्हणून नव्हे. ज्याला दुसऱ्या वर्गाचं तिकीट परवडतं, त्याने तिसऱ्या वर्गात बसू नये म्हणून. वडील एकदम म्हणाले, "म्हणजे भिजवाचं एकाले अन् भेव दाखवाचं दुसऱ्याले!"

अगदी हेच. मग मी विचारलं, भाऊ, तुमच्या घरात कोणाचं छप्पर काढून कोणाला भेव दाखवलं गेलं?

वडील विचारात पडले. उत्तर मेघनाने दिलं. पंधरा वर्षांपूर्वी तिची धाकटी आत्या सासर सोडून परत आली होती. सहा महिन्यांत तिला मोठाली मुलं असलेल्या, वयाने बऱ्याच थोर माणसाला दिलं. लग्न घरातल्या घरात उरकलं, पत्रिका नाही, वाजंत्री नाही. मेघना तेव्हा शाळेत होती. ती म्हणाली, "मला तिकडे पहिल्याच आठवड्यात सगळं कळलं होतं. पण परत यायचं म्हटलं की आत्या डोळ्यांपुढे यायची. म्हणून राहिले." आईने मान खाली घातली. आठ महिने का सोसलंस, हा प्रश्न तोवर घरात सगळ्यांनी मेघनाला विचारला होता. त्याचं उत्तर घरातच होतं.

मला या विषयात मुख्यतः हेच सांगायचं आहे. परत आलेल्या मुलीची किंमत पाडली की तिचं नुकसान होतंच, पण ती पाडलेली किंमत खरं काम करते ते अजून न परतलेल्या मुलींवर. चुलत बहिणी, भाच्या, शेजारच्या पोरी, सगळ्या बघत असतात. माहेरी आलं की आपलं काय होईल हे त्यांना न सांगता समजतं, आणि मार खाऊनही त्या तिथेच राहतात. घरातलं कुणी हे ठरवून करत नाही. त्या काकांचाही हेतू पोरीचं लवकर मार्गी लागावं हाच होता.

अर्थतज्ज्ञांचं सगळं म्हणणं माणसाला लागू पडत नाही, हेही खरं. स्वस्त प्रिंटरमुळे ज्यांना महागडा परवडत नव्हता त्यांची सोय झाली, कधी कधी अशा व्यवहारात सगळ्यांचाच फायदा होऊ शकतो, असं त्या १९९६च्या लेखात दाखवलं आहे. पण आपला वेग कोणी कमी केला हे प्रिंटरला कळत नाही. माणूस ते मनाला लावून घेतं. अत्याचार झालेल्या मुलांवर उपचार करताना सुझन स्ग्रोई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये हेच नोंदवलं: 'आपण खराब झालो' ही भावना मुलांच्या मनात घर करते, आणि आजूबाजूच्यांच्या वागण्याने ती पक्की होते. १९८५ मध्ये डेव्हिड फिंकेलहोर आणि अँजेला ब्राउन या संशोधकांनी अशा आघाताचे चार पदर सांगितले, त्यातला एक कलंकाचा. घटना घडून जाते, कलंक मात्र भोवतालची माणसं रोज थोडा थोडा लावत राहतात. मेघनाचा प्रसंग वेगळा होता, पण हा पदर तिच्यातही स्पष्ट दिसत होता.

तिला झालेला त्रास खरा होता. ती खोलीचं दार उघडं ठेवून, दाराला खुर्ची लावून झोपायची, तीही मोबाइल मुठीत धरून. जिन्यात पाऊल वाजलं की उठून बसायची. आईला वाटत होतं पोरगी बिघडली, आता हिला कोण सांभाळून घेणार. मी आईला समजावलं की कोंडून ठेवलेल्या माणसाचं शरीर धोका टळल्यावरही काही महिने पहारा देत राहतं. त्यावर उपाय आहेत. झोपेसाठी मी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. बाकी आम्ही सावकाश केलं: आधी खुर्ची काढली, मग मोबाइल उशाशी, मग टेबलावर. दार तिने स्वतः, तिला हवं तेव्हा, आतून लावायचं. कडी तिच्या हातात राहील हे महत्त्वाचं. उपचार दुखण्यावर चालले होते. पोरगी पुन्हा 'लग्नाजोगी' व्हावी म्हणून हे करायचं नाही, हे मी पालकांना स्पष्ट बजावलं. नाहीतर बरं होणं हीसुद्धा मुलीला परीक्षा वाटू लागते.

मध्येच एकदा आजी आली. "आपल्यात असं चालत नाही," हे काकांचं पालुपद आईने सांगितलं, तशी आजी उसळली. "काहून चालत नाही? आमच्या टायमाले पाट लागे. माह्या मोठ्या बहिनीचा लागला होता. चार लेकरं झाले तिले, कोनी काई म्हनलं नाही." आजीचं खरं होतं. विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा, हिंदू विवाह कायदा १९५५ चा. पण महाराष्ट्रातल्या कितीतरी शेतकरी आणि कारागीर जातींत काडीमोड आणि पाट, म्हणजे बाईचं दुसरं लग्न, त्याच्याही आधीपासून होते. पाटाला पहिल्या लग्नाचा मान नव्हता, तो बहुतेक रात्रीचा लागायचा, हेही सांगितलं पाहिजे. पण बाई दुसरा संसार मांडू शकत होती. घरात पैसा, शिक्षण, प्रतिष्ठा आली तशी अनेक कुटुंबांनी पाट कमीपणाचा म्हणून सोडला, आणि पुढे 'आपल्यात पहिल्यापासून असंच' असं म्हणू लागली.

पालकांचा एक प्रश्न हमखास असतो: पहिलं लग्न सांगायचं की नाही? माझं मत ठाम आहे, सांगायचं, आणि पहिल्याच बोलण्यात सांगायचं. अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर लिहिलं, पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. घेणाऱ्याला आतलं कळत नसलं की तो सगळ्याच गाड्यांत खोट धरून चालतो आणि चांगल्या गाडीलाही भाव मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं. वडिलांना हे वेगळं समजवावं लागलं नाही, वरच्या थरात चांगली फळं आणि खाली चुरी भरणारा त्यांनी रोज पाहिलेला. शिवाय हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली असेल, तर लग्न रद्द करून मागता येतं. पण सांगणं वेगळं आणि माफी मागत सांगणं वेगळं. लग्न कधी झालं, घटस्फोट कधी झाला, कसा झाला, एवढं पुरेसं आहे. त्या खोलीत काय घडलं ते ऐकायचा अधिकार चहापोह्याला आलेल्या दहा जणांना नाही. ते कोणाला आणि कधी सांगायचं ते मुलगी ठरवील.

नवा बायोडाटा मेघनाने स्वतः लिहिला. 'निर्दोष' काढून टाकलं. लग्न आणि घटस्फोट यांची वर्षं घातली, 'परस्पर संमतीने' लिहिलं, खाली 'अधिक माहिती प्रत्यक्ष भेटीत'. अपेक्षांमध्ये निर्व्यसनी पहिल्या क्रमांकावर आलं. वयातलं अंतर पाच वर्षांवर आलं. काका म्हणाले, एवढ्या अटी घातल्यावर कोण येईन? वडील अजूनही अधूनमधून 'भाव' बोलून जातात, पण त्या दिवशी त्यांनी कागद काकांच्या हातातून घेतला आणि झेरॉक्स काढायला स्वतः गेले.

स्थळं आली, कमी आली. अमरावतीचं एक घर सगळ्यांना आवडलं. मुलगाही घटस्फोटित, बोलायला समंजस. मग त्यांच्याकडून निरोप आला की मुलाचं सगळ्यांना माहीत आहे, पण मुलीचं हे दुसरं लग्न आहे असं आमच्या नातेवाइकांत सांगू नका. मेघना नाही म्हणाली. वडिलांनी तिच्यासमोरच फोन लावला, "पोरीले हे पटत नाही, अन् मलेही नाही," एवढंच सांगितलं.

लग्न अजून ठरलेलं नाही. मेघना आता सलग सहा-सात तास झोपते. मागच्या महिन्यात ती काकांच्या मुलीला घेऊन आली होती. त्या मुलीचा साखरपुडा झाला आहे आणि होणारा नवरा दिवसातून कितीदा तरी व्हिडिओ कॉल करून 'आता कुठे आहेस ते दाखव' म्हणतो. पत्रिका छापायला जायच्या आधी तिला विचारायचं होतं, हे चालायचंच, की थांबावं? तिच्या आईवडिलांना अजून काही माहीत नाही. पुढच्या वेळी ती त्यांना सोबत आणणार आहे, आणि मेघनाच्या वडिलांनीही यावं असं तिचं म्हणणं आहे.