बैठकीला बस

चि. पोरी,

"देश म्हणजे कुटुंब असं शाळेत रोज म्हटलं, पण या कुटुंबात मला विचारतंय कोण?" तुझं हे वाक्य वाचून आधी रागच आला. मग वाटलं, चुकीचं काय विचारतेस? घरातले निर्णय परस्पर होत गेले की माणूस परका होतोच. पण सांग, निर्णय होत होता तेव्हा तू कुठे होतीस?

संविधानातलं नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांचं कलम 51(क) तू नीट वाचलंयस. 1976 साली 42व्या घटनादुरुस्तीने दहा कर्तव्यं आली, 2002 साली मुलांच्या शिक्षणाचं अकरावं. न पाळल्यास शिक्षा लिहिलेली नाही, मग अर्थ काय, असं तुझं म्हणणं. अगं, आजारी आजीला पाणी द्यावं म्हणून कुठल्या घरात कलम लावलेलं असतं? नातं हजेरीने टिकतं. म्हणून म्हणतो, बैठकीला बस.

ग्रामसभेचंच घे. गणपूर्ती, म्हणजे सभा भरायला लागणारी किमान माणसं, किती? मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली कमी असेल ती संख्या. तीन हजार मतदारांच्या गावात शंभर माणसं जमत नाहीत! मग सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. दहा-बारा जण बसतात आणि पाण्याच्या योजनेसारखे ठराव मंजूर करून उठतात. कायद्याने ते पक्कं. बाकीचे नंतर पारावर बसून सरपंचाला शिव्या घालतात. मला त्या ऐकवत नाहीत. सभेला का आला नाहीस, एवढंच मी विचारतो.

आणि कुटुंब म्हटलं की मोठ्यांपुढे गप्प राहायचं, हे डोक्यातून काढून टाक. भांड. पण भांडायलाही समोर बसावं लागतं.

गावच्या उठाठेवींत आयुष्य घालवलंत, असं आमच्या घरचे अजून म्हणतात. मुलांच्या अभ्यासाला मी बसलो नाही, ती खंत आहेच. पण अंगणवाडीची जागा गाळ्यांसाठी द्यायचा ठराव आला, तेव्हा "माझा विरोध नावानिशी लिहून घ्या" म्हणायला मी तिथे होतो. ठराव बारगळला. मी घरी असतो तर? त्या संध्याकाळी वाया गेल्या असं मला कुणी सांगू नये.

येत्या ग्रामसभेआधी महिलांची सभा होईल, ती कायद्याने घ्यावीच लागते. तिथे जा. रजिस्टर पुढे आलं की वर ठराव लिहिलेत का बघ, कोऱ्या पानावर सही करायची नाही. मागच्या सभेचं इतिवृत्त मोठ्याने वाचायला लाव. तुझं म्हणणं लिहिलं नसेल तर पुन्हा उठून उभी राहा. आईला आणि काकूला सोबत ने. काय झालं ते सविस्तर कळव.